लोंगजिंग : हांगझोऊचा हिरवा चहा, कढई आणि पंचांग

निळीशाई:

छिंगमिंग हा चिनी पंचांगातला दिवस दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिलला येतो. त्या दिवशी घरोघरचे लोक पूर्वजांच्या कबरी झाडायला, तिथे फुलं ठेवायला जातात. झेजियांग प्रांतातल्या हांगझोऊ शहराला लागून असलेल्या टेकड्यांवर मात्र याच तारखेने चहाचा भाव ठरतो. छिंगमिंगच्या आधी खुडला तो 'मिंगछियान'. त्यानंतर २० एप्रिलच्या सुमाराला येणाऱ्या गुयू या पंचांगातल्याच दिवसापर्यंत खुडला तो 'यूछियान'. मळा तोच, खुडणारे हातही तेच, पण तारीख उलटली की भाव झपाट्याने उतरतो. या चहाचं नाव लोंगजिंग.

कामानिमित्त मी शांघायला राहते. तिथून हांगझोऊ वेगवान रेल्वेने तासाभरावर आहे, त्यामुळे वसंतात तिकडे जाणं होतं. तिथे बघून, पिऊन माझं एक ठाम मत झालंय: तारखेचं कौतुक जरा जास्तच होतं, आणि झुडपाची जात व कढईवरचा हात यांचं फार कमी होतं. आपल्याकडच्या कुणाला हा चहा घ्यायचा असेल तर मिंगछियानच्या मागे न लागता जुन्या वाणाचा यूछियान घ्यावा. का, ते सविस्तर लिहिते.

आधी जागा. हांगझोऊच्या पश्चिमेला शीहू नावाचं तळं आहे. एका बाजूला शहर, उरलेल्या तिन्ही बाजूंना टेकड्या. २०११ साली युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. तळ्याच्या मागच्या टेकड्यांच्या खाचांमध्ये चहाची गावं आहेत. जुने लोक पाच नावं एका दमात घेतात: शिफेंग, लोंगजिंग, युनछी, हूपाओ, मेइजियावू. पूर्वी या पाच ठिकाणांच्या चहाची ओळख वेगवेगळी होती आणि शिफेंगचा, म्हणजे 'सिंहशिखरा'चा चहा पहिल्या पंगतीचा मानला जाई. शिफेंगची माती फिकट, वाळूमिश्रित, आम्लधर्मी आणि पाण्याचा चटकन निचरा करणारी. चहाला नेमकी अशीच माती मानवते. टेकड्या उत्तरेचा गार वारा अडवतात, तळं आणि छियानतांग नदी हवेत ओल टिकवतात. वसंतात सकाळी उशिरापर्यंत धुकं असतं. कोवळ्या कोंबांवर कडक ऊन पडत नाही, आणि त्याने चवीत काय फरक पडतो ते इथल्या कुणी रसायनवाल्याने सांगितलं तर बरं होईल.

आता झुडपाची जात. या टेकड्यांवरचं जुनं झुडूप बियांपासून वाढलेलं आहे. चिनी लोक त्याला 'छुनथी' म्हणतात, आपण गावठी वाण म्हणू. प्रत्येक झुडूप शेजारच्यापेक्षा थोडं निराळं. एक लवकर फुटतं, एक उशिरा, एकाचं पान पिवळसर तर दुसऱ्याचं गडद. १९६० च्या सुमारास हांगझोऊच्याच चहा संशोधन संस्थेने या गर्दीतून एक झुडूप निवडायला घेतलं. तेच पुढे 'लोंगजिंग ४३' झालं आणि १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय वाण म्हणून मान्यता मिळाली. ते कलमांनी वाढवतात, त्यामुळे सगळी झुडपं एकसारखी. कोंब भरपूर येतात, दिसायला सुबक असतात आणि गावठी वाणापेक्षा आठवडा-दहा दिवस आधी फुटतात. भाव छिंगमिंगच्या आधीच्या चहाला मिळतो आणि गावठी झुडूप जेमतेम छिंगमिंगच्या तोंडावर जागं होतं. शेतकऱ्याने काय लावलं असेल ते उघड आहे.

राहिला कढईवरचा हात. सकाळी खुडलेला पाला बांबूच्या पसरट सुपांवर पातळ पसरून सावलीत काही तास ठेवतात. थोडं पाणी उडतं, कच्चा गवताचा वास कमी होतो. मग पहिली भाजणी, 'छिंगगुओ'. कढई थोडी तिरकी बसवलेली असते, पूर्वी खाली लाकडं जळत, आता वीज असते. सुरुवातीला कढईचा पृष्ठभाग २०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. वनस्पतीच्या मेणासारख्या चरबीचा हलका हात कढईला फिरवतात आणि ओंजळ-दोन ओंजळी पाला टाकून उघड्या हाताने परततात. उत्तम प्रतीचा असेल तर एका वेळी जेमतेम १०० ग्रॅम. बारा ते पंधरा मिनिटं. पहिल्यांदा नुसतं उचलून झटकायचं, वाफ निघू द्यायची. वाफ ओसरली की पान कढईच्या अंगाशी दाबत न्यायचं, म्हणजे ते चपटं होत जातं. मग ते काढून तासभर झाकून ठेवतात. देठातली ओल पानात पसरते आणि सगळं सारखं मऊ होतं. त्यानंतर दुसरी भाजणी, 'हुइगुओ', कमी आचेवर आणि जास्त वेळ. यात पानावरची बारीक लव झडते आणि पान गुळगुळीत होतं.

हाताच्या हालचाली दहा, असं परंपरेने सांगतात: पकडणं, झटकणं, दाबणं, ढकलणं, उलटवणं, घासणं अशी नावं आहेत. कुठली केव्हा हे पाला ठरवतो. पाऊस पडून गेल्यावर खुडलेला पाला जड असतो, त्याला झटकणं जास्त लागतं. लवकर दाबलं तर पान काळवंडतं, उशिरा दाबलं तर चपटं होण्याआधीच मोडतं. तळव्याला पानाची ओल कळते तशी कुठल्या काट्याला कळत नाही, असं कढईवर बसणारे सांगतात. त्यांच्या तळहातांवर सुरुवातीच्या काळात फोड येतात, मग कातडी निबर होते. २००८ मध्ये हे कसब चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशात घेतलं गेलं आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत चीनच्या पारंपरिक चहाप्रक्रियांचा समावेश झाला, त्यातही लोंगजिंग आहे. पण यादीत नाव आलं म्हणून पोरं कढईसमोर येऊन बसत नाहीत. बहुतेक घरांत आता भाजणीचं यंत्र आहे. काही जण पहिली भाजणी यंत्रावर आणि दुसरी हाताने करतात. हा तोडगा मला मान्य आहे. यंत्राचा सगळाच चहा वाईट असतो असं नाही, पण तो दाबून चपटा केलेला असतो आणि पहिल्या पेल्यानंतर त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

---

गवतीचहा:

फार सुंदर माहिती, ताई. आमच्या घरी आलं, गवती चहा आणि भरपूर दूध घातल्याशिवाय चहाला चहा म्हणत नाहीत, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. हा चहा करायचा कसा? मी पुड्यांमधला हिरवा चहा दोन-तीनदा प्यायले आहे, कडू जहर लागला. लोंगजिंगही तसाच असतो का?

---

निळीशाई:

गवतीचहा, प्रश्न प्राथमिक नाही, सगळ्यात कामाचा आहे. पुडीतला चहा बहुतेक वेळा पानांचा भुगा असतो आणि आपण त्यावर उकळतं पाणी ओततो. भुग्यातून कडवटपणा एकदम बाहेर येतो.

लोंगजिंगसाठी साध्या काचेचा उंच पेला घ्या. दीडशे मिलीलिटर पाण्याला ३ ग्रॅम, म्हणजे बोटांच्या चिमटीत दोनदा येईल इतका पाला. पाणी उकळून गॅस बंद करा आणि पाच-सात मिनिटं थांबा, ते ८०-८५ अंशांवर येतं. आधी पाव पेला पाणी ओतून पानं भिजवा, पेला हळूच गोल फिरवा. याच वेळी वास घ्या. मग उंचावरून उरलेलं पाणी ओता. दोन-अडीच मिनिटांनी पानं खाली बसायला लागतात, तेव्हा प्यायला सुरुवात करा. गाळायचं नाही. एक तृतीयांश उरलं की पुन्हा गरम पाणी भरायचं. तळाशी थोडा चहा ठेवला की पुढचा पेला एकदम फिका होत नाही. असे तीन पेले आरामात होतात.

दूध-साखर घालू नका. भाजलेल्या शेंगबियांचा आणि चेस्टनटचा जो मंद वास त्यात असतो तो दुधाखाली दबून जातो. आणि पाण्याकडे लक्ष द्या. हांगझोऊत 'लोंगजिंगचा चहा आणि हूपाओचं पाणी' ही जोडी प्रसिद्ध आहे. हूपाओ हा तिथलाच झरा, पाणी अगदी हलकं, क्षार कमी. बोअरच्या जड पाण्यात हा चहा मुका होतो.

---

रसायनी:

बोलावणं आलंय तर लिहितो. चहाच्या ताज्या पानात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. पान चुरडलं की ते कॅटेचिन या तुरट द्रव्यांवर काम करतं, पान लालसर-काळं पडतं आणि काळा चहा होतो. हिरवा चहा करायचा तर हे विकर लवकर निकामी करायला हवं. जपानी लोक ते वाफेने करतात, चिनी लोक बहुतांशी कढईत. वाफेच्या चहाला समुद्रशेवाळासारखी हिरवी चव राहते. कढईत मात्र पानातली साखर आणि अमिनो आम्लं यांची भाजताना प्रक्रिया होते, पायराझिनं नावाची वासाची द्रव्यं तयार होतात आणि तो शेंगबियांचा, चेस्टनटचा वास येतो. म्हणजे लोंगजिंगचा वास मळ्यात अर्धाच असतो, उरलेला अर्धा कढईत जन्मतो.

उन्हाबद्दल. हिवाळ्यात झुडूप थांबलेलं असतं तेव्हा मुळांमध्ये थिअनिन नावाचं अमिनो आम्ल साठतं आणि वसंतात पहिल्या कोंबांत चढतं. गोडसर, तोंडात रेंगाळणारी चव त्याची. ऊन वाढलं की थिअनिन मोडतं आणि कॅटेचिनं वाढतात, म्हणजे तुरटपणा वाढतो. धुकं आणि सावली हा बदल लांबवतात. मिंगछियानला मान मिळण्यामागे हे खरं कारण आहे, ताई, नुसती तारखेची हौस नाही.

आणखी एक. हिरव्या चहात कॅफिन नसतं असा समज सगळीकडे आहे. कोवळ्या कोंबात ते जून पानापेक्षा जास्त असतं. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी संध्याकाळी पिऊ नये.

---

सह्यवेडा:

वाचनखूण साठवली आहे. रसायनी, उत्तम प्रतिसाद.

---

निळीशाई:

रसायनी, मनापासून आभार. मिंगछियानचा गोडवा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण झुडूप फुटायची वेळ वाणागणिक वेगळी असते ना? लोंगजिंग ४३ चा मार्चअखेरचा कोंब आणि गावठी झुडपाचा १० एप्रिलचा कोंब, दोन्ही आपापल्या झुडपाचे पहिलेच कोंब. हिवाळ्याची शिदोरी दोघांकडे आहे. पंचांग मात्र एकाला मिंगछियान म्हणतं आणि दुसऱ्याला म्हणत नाही. भाव झुडपाच्या घड्याळाने ठरायला हवा, तो ठरतो कबरी झाडायच्या दिवसाने.

चवीतही फरक आहे. ४३ चा वास पेल्यातून लगेच वर येतो, चव स्वच्छ आणि तरतरीत. गावठी वाणाचा चहा पहिल्या घोटाला शांत वाटतो. दुसऱ्या पेल्यात तो भरतो आणि गिळल्यावर घशाशी गोडी परत येते. झुडपं एकसारखी नसल्यामुळे त्यात अनेक चवी मिसळलेल्या असतात.

---

पानगळ:

मी शेतीखात्यात नोकरी केली आहे, म्हणून थोडं वेगळं बोलतो. जुन्या वाणाबद्दल हळहळणं सोपं आहे, कारण आपण प्यायला बसलेलो असतो. शेतकऱ्याच्या बाजूने बघा. हांगझोऊचा खुडणीचा खरा हंगाम काही आठवड्यांचा. मध्येच उशिराच्या थंडीची लाट आली तर कोंब करपतात. खुडायला मजूर लागतात, आणि अर्धा किलो उत्तम लोंगजिंगला ३६,००० कोंब लागतात असं तिथे सांगतात. एवढी बोटं एकाच आठवड्यात कुठून आणायची? अर्धा मळा लवकर फुटणारा आणि अर्धा उशिरा फुटणारा असेल तर तेच मजूर, तीच कढई जास्त दिवस चालते. नवा वाण आला म्हणून गावं टिकली असंही म्हणता येईल.

शिवाय संस्थेने हा वाण बाहेरून आणलेला नाही. त्याच टेकड्यांतल्या गर्दीतून निवडलाय. २०२० मध्ये याच वाणाचा संपूर्ण जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला, म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीनेही तो मोलाचा आहे.

---

निळीशाई:

पानगळ, मजुरांचा मुद्दा तुम्ही आणलात ते फार बरं केलंत, माझ्या लेखात तो यायलाच हवा होता. खुडायला येणाऱ्या बायका बहुतेक स्थानिक नाहीत. शेजारच्या आन्हुइ, जियांगशी प्रांतांतून आणि झेजियांगच्याच दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून त्या हंगामापुरत्या येतात, मळेवाल्यांच्या घरी राहतात, तिथेच जेवतात. पन्नाशी-साठीच्या बायका जास्त. डोक्यावर बांबूची रुंद टोपी, कमरेला टोपली. नखाने तोडायचं नाही, बोटांच्या पेरांनी धरून वर उचलायचं, नखाची खूण उमटली की देठ काळं पडतं. एक कोंब आणि त्याला लागून एक किंवा दोन उमलती पानं, दोन्ही हात एकाच वेळी चालतात. दिवसभर उतारावर उभं राहून. तरुण मुली या कामाला येत नाहीत, आणि का येत नाहीत ते कुणाला विचारायची गरज नाही.

अर्धा-अर्धा मळा हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. माझी तक्रार वाणाशी नाही. जुनं झुडूप उपटून सगळीकडे एकच वाण लावला जातो आणि बाजार त्याला बक्षीस देतो, ते मला खटकतं. बियांपासून वाढलेल्या झुडपांची मुळं खोल असतात, आणि त्यांच्यातली विविधता हीच संस्थेची मूळ शिदोरी होती. उद्या नवा वाण निवडायचा झाला तर निवडायचा कुठून? हांगझोऊने २०२२ पासून शीहू लोंगजिंगच्या संरक्षणासाठी स्वतंत्र स्थानिक कायदा लागू केला आहे.

---

आंबराई:

धागा वाचताना मला आमचा देवगड दिसत होता. हंगामाची पहिली पेटी वाशीला पोचते तेव्हाचा भाव आणि मे महिन्यातला भाव, आणि मे महिन्यातलाच आंबा खायला जास्त गोड. नावाचंही तेच. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात दुसऱ्या राज्यातला आंबा 'देवगड' छापलेल्या पेटीत सर्रास दिसतो. लोंगजिंगच्या नावाचं तिथे काय? कुणीही वापरू शकतं का?

---

मुक्कामपोस्ट:

आंबराईंचा प्रश्न माझाही. गेल्या वर्षी एका सहलीबरोबर चीनला गेलो होतो. शहराबाहेरच्या एका मोठ्या चहाच्या दुकानात नेलं, चहा पाजला, तो खरंच छान होता. घेऊन आलेला डबा घरी उघडला तर पानं गडद हिरवी, वास जवळपास नाही. डब्यावर लोंगजिंगच लिहिलंय. आता ओळखायचं कसं?

---

निळीशाई:

आंबराई, अगदी नेमकं. दोघांनाही एकत्र उत्तर देते.

२००१ मध्ये चीनने लोंगजिंगला भौगोलिक संरक्षण दिलं तेव्हा तीन विभाग ठरवले: शीहू, छियानतांग आणि यूएजौ. तिन्ही झेजियांग प्रांतातले. 'शीहू लोंगजिंग' हे नाव फक्त हांगझोऊच्या १६८ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या चहाला, आणि त्या पट्ट्यातही शहर, रस्ते, तळं आहे, मळे त्याच्या छोट्याशा भागात. उरलेल्या दोन विभागांना नुसतं 'लोंगजिंग' म्हणायचा हक्क आहे. शिनछांग तालुक्याचा 'दाफो लोंगजिंग' त्यातलाच. तो नकली नाही. प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने विकला जातो आणि पैसे बेताचे असतील तर तोच घ्यावा.

त्यांच्यापलीकडे मात्र नावाची लूट आहे. सिचुआनसारख्या दूरच्या प्रांतात चहा चपटा भाजून लोंगजिंग म्हणून विकतात. झेजियांगच्याच दक्षिणेला 'वूनियूचाओ' नावाचा फार लवकर फुटणारा वाण आहे. तोही चपटा भाजला की दिसायला लोंगजिंगच. तो स्वतःच्या नावाने चांगला चहा आहे, पण मार्चच्या सुरुवातीला कुणी 'नवा शीहू लोंगजिंग' देत असेल तर तो बहुधा हा असतो. शीहूच्या टेकड्यांवर त्या वेळी कोंबच फुटलेले नसतात. म्हणजे पंचांगाचा एक उपयोग आहे: खोटं पकडायला.

मुक्कामपोस्ट, ओळखायच्या खुणा सांगते. खऱ्या शीहू लोंगजिंगचा, त्यातही गावठी वाणाचा रंग झगझगीत हिरवा नसतो. हिरव्यात पिवळसर झाक असते, तिथे तिला हातसडीच्या तांदळाचा रंग म्हणतात. पानं थोडी लहान-मोठी असतात. सगळी एका साच्यातून काढल्यासारखी, काचेसारखी सपाट असतील तर यंत्राचा चहा. लव दिसली तर दुसराच चहा. डब्यावर सरकारी क्रमांकाची खूणचिठ्ठी असते, तीही बघावी. शिक्क्यांचीही नक्कल होते, म्हणून शेवटी भिजल्यावर पान बघा: कोंब आणि पान देठाला धरून अखंड उघडायला हवं. आणि दुकानात जो चहा पाजला तोच समोर वजन करून घ्यायचा, आधीच बंद केलेला डबा घ्यायचा नाही.

---

इतिहासवेल्हाळ:

थोडा इतिहास जोडतो. लू यू या विद्वानाने आठव्या शतकात चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हांगझोऊच्या थिएनचू आणि लिंगयिन या मठांच्या चहाचा उल्लेख आहे. तेव्हाचा चहा मात्र वाफवून, कुटून, वड्या थापून केलेला असे. अकराव्या शतकात बिएनत्साइ नावाचे बौद्ध भिक्षू म्हातारपणी लोंगजिंगला येऊन राहिले, आणि त्यांनी तिथे चहा लावला असं सांगतात. हांगझोऊचा कारभार पाहणारे कवी सू दोंगपो त्यांचे स्नेही. भिक्षूंचा नियम होता की पाहुण्याला निरोप देताना ओढ्यावरच्या पुलापलीकडे जायचं नाही, आणि सू दोंगपोंशी बोलता बोलता ते पूल ओलांडून गेले, अशी गोष्ट आहे.

लोंगजिंग, म्हणजे 'ड्रॅगनची विहीर', हे मुळात झऱ्याचं नाव. त्याचं पाणी काठीने ढवळलं की पृष्ठभागावर एक रेघ वळवळत जाते, पावसाचं आणि जमिनीतलं पाणी चटकन मिसळत नाही म्हणून. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने वड्यांचा नजराणा बंद करून सुटा चहा पाठवायचा हुकूम काढला आणि पुढे कढईत भाजलेल्या सुट्या पानाचे दिवस आले.

छियानलोंग सम्राटाची कथा राहिलीच. १७५१ ते १७८४ या काळात त्याने दक्षिणेचे सहा दौरे केले. शिफेंगखाली हूगोंग मंदिरासमोर चहा खुडत असताना आईच्या आजारपणाचा निरोप आला, त्याने पानं बाहीत कोंबली, राजधानीत पोचेपर्यंत ती दबून चपटी झाली, आईने चहा प्यायला आणि तिला बरं वाटलं, म्हणून लोंगजिंग चपटा! मंदिरासमोरची १८ झुडपं त्याने राजझुडपं ठरवली, ती अजून दाखवतात.

---

निळीशाई:

इतिहासवेल्हाळ, बिएनत्साइंचा भाग वाचून फार आनंद झाला. छियानलोंगने लोंगजिंगला भेट दिली आणि त्यावर कविता केल्या हे पक्कं आहे. बाहीतल्या पानांची गोष्ट मला पटत नाही. हिरवी पानं बाहीत दाबून ठेवली तर ती लाल पडून कुजतील, रसायनींनी वर लिहिलंय तेच विकर काम करेल. पान चपटं होतं ते तळहाताखाली, गरम कढईवर. चपटा आकार हे कितीतरी पिढ्यांच्या भाजणाऱ्यांचं काम आहे, ते एका राजाच्या बाहीला देऊन टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

---

धौलाधार:

नोकरीमुळे हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात, पालमपूरला आहे, म्हणून भारताचा धागा जोडते. १८४८ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी डोकं भादरून, चिनी वेशात शांघायहून निघाला. हांगझोऊवरून नदीमार्गे तो आन्हुइच्या हिरव्या चहाच्या प्रदेशात गेला. काळा आणि हिरवा चहा एकाच झाडाचा, फरक प्रक्रियेचा, हे त्याने चीनमध्ये पाहून सांगितलं. निर्यातीचा हिरवा चहा जास्त हिरवा दिसावा म्हणून त्यात प्रशियन निळा रंग आणि जिप्सम मिसळतात हेही त्याने पाहून लिहिलं. त्याने पाठवलेली रोपं आणि बिया हिमालयाच्या पायथ्याच्या सरकारी बागांसाठी होत्या.

कांगडा खोऱ्यात चहाचे पहिले प्रयोग १८४९ चे, चिनी जातीच्या झुडपांचे. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात इथले मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले, बरेच इंग्रज मळेवाले निघून गेले. झुडपं राहिली. आसामच्या मोठ्या पानाच्या जातीपेक्षा ही वेगळी, लहान पानाची. २००५ मध्ये कांगडा चहाला भौगोलिक मानांकन मिळालं. इथला हिरवा चहा लोंगजिंगसारखा लागत नाही, भाजणीच निराळी, पण चिनी जातीच्या झुडपाचा हिरवा चहा प्यायचा असेल आणि खिशाला झेपायला हवा असेल तर एप्रिलचा कांगडा मागवून बघा. करायची पद्धत निळीशाईताईंनी सांगितली तीच ठेवा.

---

गवतीचहा:

धौलाधार, खूप धन्यवाद, आधी कांगड्यापासूनच सुरुवात करते. ताई, शेवटचा प्रश्न. मुंबईच्या दमट हवेत हा चहा टिकतो का? आणि जेवणानंतर लगेच प्यायला तर चालतो?

---

निळीशाई:

जेवणानंतर लगेच नको, तासभर थांबा. चहातली द्रव्यं डाळी-भाज्यांतलं लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत, आणि शाकाहारी घरांत हे जास्त जपायला हवं.

टिकवायचं म्हणाल तर हांगझोऊतली जुनी रीत अशी: मातीच्या रांजणात तळाशी कळीचा चुना कापडात बांधून ठेवायचा, वर कागदात गुंडाळलेल्या चहाच्या पुड्या, आणि तोंड घट्ट बंद. चुना उरलीसुरली ओल ओढून घेतो. नुकत्याच भाजलेल्या चहाला जरा उग्र, आगीचा दर्प असतो, तोही पंधरवड्यात निवतो आणि मग चहा पिण्याजोगा होतो. म्हणून कढईवरून उतरलेला चहा तिथे लगेच पीत नाहीत.

मुंबईत रांजणाची गरज नाही. ५०-५० ग्रॅमच्या हवाबंद पाकिटांत चहा करून फ्रीजमध्ये ठेवा, मसाल्यांपासून लांब, कारण तो कुठलाही वास पटकन धरतो. एक पाकीट बाहेर काढलं की ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार पानांवर दंव धरतं. उघडल्यावर तीन-चार आठवड्यांत संपवा. आणि वर्षभरात सगळाच संपवा, हा साठवून जुना करायचा चहा नाही. मेच्या मध्यावर यूछियान बाजारात स्थिरावतो, भावही उतरलेले असतात. मला जुन्या वाणाचा चांगला चहा मिळाला तर सुट्टीवर येताना आणेन. पुण्या-मुंबईत ज्यांना चाखायचा आहे त्यांनी इथेच लिहून ठेवा, म्हणजे किती आणायचा ते ठरवता येईल.

---

आंबराई:

माझं नाव पहिलं धरा. त्या सुमाराला आंबेही असतील, एक पेटी मी आणतो.